सांदीकडची भिंत

माजघराचं दार सकाळपासून लागत नव्हतं. गुणाबाईनं आधी हातानं ओढलं, मग खांदा लावून रेटलं, मग उंबऱ्याशी बसून खालून पाहिलं. पावसात दारं फुगतात हे तिला ठाऊक होतं. पण फुगलेलं दार सगळ्या बाजूंनी घासतं. हे वर एकाच कोपऱ्यात अडत होतं आणि खाली बोट जाईल एवढी फट राहत होती. दार होतं तसंच होतं. चौकट कलली होती.

"काय झालं वं माय?" खाटेवरून दिव्यानीनं विचारलं. ती भिंतीला पाठ लावून बाळाला पाजत बसली होती.

"काई नाई. दार अडून राह्यलं."

"राहू दे ना मंग. हवा तं नाई लागून राह्यली."

दिव्यानी म्हणजे तिची एकुलती लेक, गडचांदूरला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. तालुक्याच्या, मूल गावच्या दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली, आणि ऑटोनं तिला घरी आणलं त्याच दिवशी झड लागली ती उघडायचं नाव घेईना. मूलच्या रस्त्यावरचा नाला पुलावरून वाहू लागला. जावई तिकडेच अडकला. घरात चुलीपाशी गळत होतं, सपरीत, पुढच्या उघड्या पडवीत, तर सगळाच झडपा येत होता. कोरडं असं एक माजघर. लेक येणार म्हणून मनसारामनं, गुणाबाईच्या नवऱ्यानं, उन्हाळ्यातच त्याच्यावरच्या छपराचे कवेलू फेरले होते आणि गुणाबाईनं आतून पांढऱ्या मातीचा हात फिरवला होता. म्हणून बाळंतिणीची खाट तिथे, सांदीकडच्या भिंतीला लागून. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी.

गुणाबाईनं लेकीच्या डोक्यावरून हात नेऊन भिंतीला तळवा लावला. ओली नव्हती. गार होती. पाण्यानं भरलेल्या मडक्याच्या पोटाला हात लावावा तशी गार. खाली पाहिलं तर भिंतीच्या बुडातून मुंग्यांची रांग निघाली होती, तोंडात पांढरी अंडी घेऊन. त्या वर आढ्याकडे जात नव्हत्या. दाराकडे, बाहेर निघाल्या होत्या.

ती कान देऊन उभी राहिली. भिंतीच्या पलीकडे पाणी पडत होतं. ते रोजच पडत होतं. झड लागली तेव्हा ते कडक जमिनीवर आपटल्यासारखं वाजायचं. आता डुबुक डुबुक वाजत होतं. खोल डबक्यात पडल्यासारखं.

भिंतीच्या पलीकडे सांदी होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढी अरुंद वाट, आणि सांदीच्या पलीकडे वारलूचं घर. वारलू म्हणजे मनसारामचा सख्खा लहान भाऊ. बाप होता तोवर दोघांचं एकच घर, एकच आंगण. वाटणी झाली, वारलूला घरकुल मंजूर झालं, त्यानं आपल्या हिश्श्यात विटांचं, स्लॅबचं घर बांधलं, आणि सांदी कोणाची यावरून दोघे भाऊ एकमेकांवर काठ्या घेऊन धावले. गावातल्या चार लोकांनी आणि पोलीस पाटलानं दोघांना देवळात बसवलं. सरकारी मोजणी होईपर्यंत सांदीत कोणीच पाय टाकायचा नाही, असं ठरलं. दोघांनी हात वर करून कबूल केलं. वारलूनं सांदीच्या दोन्ही तोंडांना बोरीच्या काट्या लावल्या. मोजणीवाला अजून यायचा होता. स्लॅबवरच्या पाण्याचा पाइप त्याच सांदीत सोडलेला होता. पाणी पडताना दोन्ही घरांना ऐकू यायचं. ते कुठे पडतं, काय करतं, हे कोणी पाहिलं नव्हतं.

मनसाराम बांधीत, धानाच्या शेतात, गेला होता. रोवणा चालू होता, पऱ्ह्यांची रोपं उपटून झाली होती, बाया लावलेल्या होत्या. गुणाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग डोक्यावर प्लास्टिकची पन्नी घेतली, विळा घेतला आणि मागच्या सांदवाडीतून, परसातून, फिरून सांदीच्या तोंडाशी आली. ठमाबाई, शेजारची म्हातारी, आपल्या सपरीत बसून पाहत होती. तिच्याकडे न बघता गुणाबाईनं विळ्यानं काट्या बाजूला ओढल्या आणि आत शिरली.

आत शिरताच पाय घोट्याच्या वर गेला. माती नव्हती, राब होता, नुसता चिखल. ती वारलूच्या विटांच्या भिंतीला पाठ लावून सरकत गेली आणि आपल्या घराची भिंत तिनं वर्षभरानं समोरून पाहिली.

आधी तिला ओळखूच येईना. बुडापासून कमरेपर्यंत भिंत काळी पडली होती, त्याच्यावर हिरवं शेवाळ चढलं होतं. शेवाळाच्या वर लोणा लागल्याचा पांढरा पट्टा, मिठागत फुललेला. सारवणाचे पोपडे सुटून पडले होते आणि आतलं धानाचं तणस उघडं होऊन लोंबत होतं. पाइपाखाली पाण्यानं खड्डा केला होता. खड्ड्यातलं पाणी भिंतीच्या बुडाला लागून, आतच शिरत होतं. गुणाबाईनं विळ्याचा दांडा बुडाशी घातला. दांडा मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तर त्याच्याबरोबर मातीचा गोळा आला, खिरीसारखा, आणि पाण्यात विरघळून गेला.

तिनं वर पाहिलं. भिंतीनं पोट काढलं होतं. मधोमध, नेमकी जिथे आतून खाट लागली होती तिथे, भिंत गाभण गाईसारखी सांदीकडे फुगली होती. त्याच्या वर मयाल, छपराचं मोठं लाकूड, भिंतीत शिरते तिथून एक भेग निघून तिरपी तिरपी खाली उतरली होती. मयालीचं टोक काळं पडलं होतं. वळचणीचे कवेलू मागे सरकले होते, म्हणजे वरचं पाणीही सरळ भिंतीतच उतरत होतं. गुणाबाईनं भेगेत नख घातलं. नख गेलं.

भिंतीच्या त्या अंगाला तिची लेक पाठ टेकून बसली होती.

"कोण हाये तिथी?" वारलूची बायको गोकुळा मागच्या दारात उभी होती. "बाई? तुमी? सांदीत काऊन शिरल्या?"

"गोकुळा, इकडे ये. भिंत पाय."

"मी नाई येत. अन् तुमीही निघा बाहेर. चार लोकायसमोर ठरलं होतं ना? काट्या काऊन काढल्या?"

"भिंत बसून राह्यली वं. तुमच्या पाइपाचं पाणी..."

"आमचा पाइप आमच्या जागेत हाये," गोकुळाचा आवाज चढला. "आज पाइपाचं काढान, उद्या सांदीचं काढान. मले नाई कळत का?"

एवढ्यात वारलू आला. बोडीवर मासे धरायला गेला होता, खांद्यावर ओलं जाळं, कमरेला माशांचा खालू. त्यानं काट्या पाहिल्या, गुणाबाई पाहिली आणि जाळं खाली टाकलं.

"वैनी, बाहेर या."

"भाऊजी, एक डाव नजर टाका. दिव्यानीची खाट हाये त्या बाजूनं. लेकरू हाये."

वारलू सांदीच्या तोंडाशी आला, पण आत पाय टाकला नाही. तिथूनच वाकून पाहिलं. तिथून त्याला शेवाळ दिसलं असेल, पोट दिसलं नसेल. "मातीची भिंत हाये, ओल तं धरणारच," तो म्हणाला. "दादाले सांगा. पण सांदीत पाय टाकायचा नाई. मी नाई टाकला. तुमी टाकला. हे दादानं पाठवलं का तुमाले?"

"त्याइले ठाऊकही नाई."

"मंग होऊ द्या ठाऊक," वारलू म्हणाला आणि गल्लीत जाऊन त्यानं बांधीकडे निघालेल्या एकाला ओरडून निरोप दिला.

मनसाराम आला तो पळतच. धोतर वर खोचलेलं, मांड्यांपर्यंत चिखल, हातात बैल हाकायची तुतारी तशीच. निरोप कोणी कसा दिला कोण जाणे, त्याला वाटलं बाळंतिणीला काही झालं. आंगणात गुणाबाई चिखलाच्या पायानं उभी, पलीकडे वारलू, गोकुळा, आणि आता ठमाबाईच्या सपरीत आणखी दोन बाया. काय झालं ते त्याला कळलं तसा तो गुणाबाईच्या पुढ्यात आला.

"तू गेलती सांदीत?"

"भिंत पाहाले गेलती."

"मी काय विचारलं? गेलती का?"

"हो."

मनसाराम वारलूकडे वळला. वर्षभरात तो त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं तुतारी भिंतीला टेकवली, नजर खाली घातली आणि म्हणाला, "चूक झाली आमच्याकडून. काट्या मी लावून देतो."

"असू दे," वारलू म्हणाला. त्याला तेही नीट म्हणता आलं नाही. तो जाळं उचलून घरात गेला.

मनसारामनं पावसात उभं राहून स्वतः काट्या लावल्या. हाताला काटे रुतले, रक्त आलं, तरी त्यानं एकेक काटी आधी होती तशीच बसवली. मग तो घरात आला.

"झालं तुह्या मनासारखं?" तो म्हणाला. "त्याच्यासमोर मान खाली घालाले लावली मले."

"आधी माहं ऐका. बुडातून माती जाऊन राह्यली. भिंतीनं पोट काढलं. खाट हालवा इथून."

मनसाराम माजघरात आला. दिव्यानीनं पदर सावरला. त्यानं बोटाच्या पेरांनी भिंतीवर ठोकलं. मग तुतारीच्या मागच्या टोकानं ठोकलं. आवाज घट्ट आला. त्यानं तळहात फिरवून तिच्यापुढे धरला. हाताला पांढरी भुकटी लागली होती, ओल नव्हती.

"पाय. कोरडी ठणठणीत."

"आतून पायून काय होते? खराबी बाहेरून हाये."

"माह्या बापानं अन् मी मिळून तुडवलेली माती हाये ही. किती पूर पायले ह्या भिंतीनं. अन् खाट हालवून ठेवतं कुठी? सपरीत? ओल्या बाळंतिणीले?"

गुणाबाईनं दाराकडे पाहिलं. कुठे हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. गावात कोरडं, जवळचं, पक्कं घर एकच होतं.

"बोल ना," मनसाराम म्हणाला. "त्याच्या घरी? आत्ता माफी मागून आलो अन् आत्ता लेक नेऊन टाकू त्याच्या दारात? मी मेल्यावर नेजो."

"बाबा," दिव्यानी म्हणाली.

"तू झोप. काई होत नाई." तो तुतारी उचलून बाहेर पडला. "पऱ्हे उपटून पडले हायेत. बाया खोळंबल्या."

पावसात त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत गुणाबाई दारात उभी राहिली. मग तिनं चूल पेटवली, लेकीसाठी खीर टाकली, ती ढवळली, उतरवली. हात चालत होते, कान माजघराकडे होते. एकदा वरून मातीची बारीक धार पडल्यासारखं वाजलं. ती धावली. कोपऱ्यात, मयालीखाली, जमिनीवर चिमूटभर माती पडली होती. तिनं ती पायानं पुसली, पुन्हा पाहिलं. पुन्हा तेवढीच पडली होती.

तिला वाटलं आपण उगाच घाबरून राहिलो असू. नवरा घर बांधलेला माणूस. आपण काय, सारवणारी बाई. मग ती पुन्हा मागून गेली, या वेळी काट्या न काढता, वरून वाकून. भेग तिथूनही दिसत होती. सकाळी तिच्यात नख गेलं होतं. आता तिच्यातून पलीकडचा काळोख दिसत होता.

ती घरात आली आणि खाटेखालची शेगडी बाजूला ओढली.

"ऊठ बाई."

"कुठी?"

"काकाच्या घरी."

दिव्यानी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. "बाबा मले जित्ता नाई ठेवणार. अन् काकू दार उघडन का?"

"तुह्या बाबाचं मी पायीन. काकूचंही मीच पायीन. तू टाक्यायले जप, हळू ऊठ."

तिनं बाळाला लुगड्यात गुंडाळलं, वरून पन्नी, आणि छातीशी धरलं. दिव्यानी एका हातानं आईचा खांदा धरून, दुसरा हात ओटीपोटाशी, पावलापावलानं निघाली. आंगणात शेवाळ झालं होतं. मधे दोनदा थांबावं लागलं. ठमाबाई सपरीतून उठून उभी राहिली. गल्लीतून वळून वारलूच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत दिव्यानीचे ओठ पांढरे पडले होते.

दार बंद होतं. गुणाबाईनं कडी वाजवली. आत गोकुळाचा आवाज थांबला. गुणाबाईला आपल्या ओल्या लुगड्याची, चिखलाच्या पायांची लाज वाटली. सकाळी हिच्याशी भांडलो. बाळंतिणीचा विटाळ घेऊन नव्या घराच्या दारात उभ्या आहोत. नाही म्हणाली तर परत तेच माजघर.

गोकुळानं दार उघडलं. तिनं दिव्यानीकडे पाहिलं, मग गुणाबाईच्या छातीशी धरलेल्या गाठोड्याकडे.

"गोकुळा, मले नको घेऊ," गुणाबाई म्हणाली. "हिले अन् लेकराले घे. पाऊस उघडेपर्यंत."

गोकुळा दारातून बाजूला झाली. "आत या. सगळ्या या." तिनं दिव्यानीला धरून पलंगावर नेलं, स्वतःची गोधडी अंथरली, पायाखाली उशी दिली. मग आईलेकींकडे पाठ करून, कपाट उघडून, काही शोधल्यासारखं करत म्हणाली, "मले दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"गच्चीवर वाळवणाचं झाकाले गेलती मी, मागच्या आठवड्यात. वरून पायलं तं भिंत फुगलेली. मी याइले सांगतलं. हे म्हणे आपल्याले काय करायचं. अन् तुमच्याशी बोलणं बंद होतं... बोलायचं कसं?"

मागच्या आठवड्यापासून लेक त्या भिंतीला पाठ लावून झोपत होती. तोंडावर आलेलं गुणाबाईनं गिळलं. भांडायला बळ लागतं, ते तिला आत्ता दुसरीकडे लागणार होतं.

"निखारे हायेत का चुलीत?" ती म्हणाली. "पोरीले शेक लागते."

दिवस कलला तसा मनसाराम परत आला. माजघर रिकामं. खाटेवर कोणी नाही, शेगडी बाजूला ओढलेली. आंगणात येऊन एकदा वारलूच्या घराकडे पाहिलं. ओट्यावर गुणाबाई उभी राहिली होती.

"इकडे या," ती म्हणाली. "पोरगी इथी हाये. तुमीही या."

मनसाराम वळला, घरात गेला आणि सांदीकडच्या भिंतीला लागून त्या रिकाम्या खाटेवर, ओल्या कपड्यांनी, आडवा झाला.

गुणाबाई मागोमाग धावली. दारात उभी राहून म्हणाली, "अवो, उठा. माती गळून राह्यली, पाहा वर."

"गळू दे."

"कोणावर राग काढून राह्यले?"

"कोणावरच नाई. मी माह्या घरात झोपलो. पडू दे म्हणावं भिंत."

त्यानं डोळे मिटले. त्याच्या पायांचा चिखल खाटेच्या दोरीवर गळत होता. मांडीला एक जळू लागलेली होती, तीही त्यानं काढली नव्हती. ती त्याला हातानं ओढू लागली तर त्यानं हात झटकला. मोठा गडी, तिच्यानं हलला नसता. वरून पुन्हा माती पडली, आता मूठभर, त्याच्या पायापाशी. गुणाबाई रडली नाही. ती मागे फिरली, वारलूच्या घरात गेली आणि जेवायला बसलेल्या वारलूच्या समोर उभी राहिली.

"भाऊजी, माह्याच्यानं होत नाई. तुमी उठवा."

वारलूचा घास हातातच राहिला. "माहं ऐकन का तो?"

"नाई ऐकणार. तरी चला."

वारलू उष्ट्या हातानं उठला. भावाच्या घरात शिरताना त्यानं सवयीनं डोकं खाली घातलं. ते दार ठेंगणं आहे हे त्याचं अंग विसरलं नव्हतं. माजघराच्या उंबऱ्यावर तो थांबला.

"दादा, ऊठ."

मनसारामनं डोळे उघडले. "तू काऊन आला?"

"भांडण उद्या करू. आज ऊठ."

"पाइप कोणाचा हाये?"

वारलूनं वर मयालीकडे पाहिलं.

"बोल ना. पाणी कोणाचं? माहं?"

"माहं हाये," वारलू म्हणाला. "माहाच पाइप, माहंच पाणी. ऊठ आता."

मनसाराम उठून बसला. तो काही म्हणणार होता. त्याच वेळी मयाल बोलली. करकर नव्हे, एकच आवाज, जाड फांदी मोडावी तसा. वारलूनं पुढे होऊन खाटेचा पायथा दोन्ही हातांनी धरला आणि भावासकट खाट दाराकडे ओढली. खाट कललेल्या चौकटीत आडवी अडकली, वारलू आतल्या अंगाला राहिला. "उतर! उतर ना!" वारलू ओरडला. मनसाराम खाटेवरून उडी टाकून दारातून बाहेर पडला, गुणाबाईच्या अंगावरच. आणि भिंत गेली.

ती आत पडली नाही. पोटापासून मोडली आणि सांदीत बसली, एखाद्या थकलेल्या जनावरानं मागचे पाय मोडून बसावं तशी. क्षणभर माजघरात नको इतका उजेड आला. समोर वारलूच्या घराच्या लाल विटा दिसल्या, त्यांच्यावर पाऊस. मग आधार सुटलेली मयाल खाली आली, तिच्यामागे वासे, वाशांमागे कवेलू. ते किती वेळ पडत होते गुणाबाईला कळलं नाही. धूळ नव्हती. सगळं ओलं होतं. नुसता आवाज, आणि आवाज संपल्यावर वारलूची किंकाळी.

खाटेनं त्याला वाचवलं होतं आणि खाटेनंच अडकवलं होतं. तो चौकटीत पोटावर पडला होता, धड बाहेर, एक पाय आत मयालीखाली. मनसाराम आधी नुसता पाहत राहिला. मग त्याच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता. तो कवेलूंच्या ढिगात गुडघ्यावर गेला, मयालीखाली खांदा घातला आणि उठायला लागला. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या झाल्या. मयाल हलली नाही. "गुणा, टेकू!" तो ओरडला. गुणाबाईनं पडलेला वासा उचलून त्याच्या खांद्याशेजारी घातला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. गोकुळा कधी आली कळलं नाही, तिनं नवऱ्याच्या दोन्ही काखांत हात घातले. मयाल बोटभर उचलली. अजून थोडी. गोकुळानं ओढलं.

वारलूचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता.

खाट चौकटीतून सोडवावी लागली. तिचे दोन पाये मोडले. मोडक्या खाटेवर वारलूला घेतलं. डोक्याकडून मनसारामनं उचललं, पायाकडून दोघी बायांनी. आंगणातून, गल्लीतून, वारलूच्या पायऱ्या चढून ते गेले. उंबऱ्याशी मनसाराम थबकला नाही. त्याच्या हातात भार होता. आत पलंगावर दिव्यानी लेकराला छातीशी घट्ट धरून भिंतीकडे सरकून बसली होती. तिच्या पायाशी त्यांनी खाट टेकवली.

वारलू दात आवळून पडला होता. मनसाराम त्याच्या डोक्याशी जमिनीवर बसला. त्याच्या खांद्याची कातडी मयालीनं सोलून निघाली होती. वारलूनं पाणी मागितलं. गोकुळानं पेला भरून आणला. मनसारामनं पेला घेतला, भावाची मान उचलली आणि त्याला पाजलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

सकाळी पाऊस ओसरला. नाल्याच्या पुलावरचं पाणी पोटरीपर्यंत उतरलं, ट्रॅक्टर जाईल असा निरोप आला. ट्रॉलीत तणसाचा थर टाकून त्याच्यावर वारलूला निजवलं. पायाला दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. गोकुळा त्याच्या पायाशी बसली. मनसाराम धोतर बदलून आला, जखमेवर हळद, एक हात नीट उचलत नव्हता. तो विचारल्याशिवाय ट्रॉलीत चढला आणि भावाच्या तोंडावर पन्नी धरून बसला.

ओट्यावर गुणाबाई उभी होती, कडेवर नात. मनसारामनं तिला हाक मारली. ती खाली आली. ट्रॉलीच्या फळीवरून वाकून तो हळू आवाजात म्हणाला, "मागची भिंत... तिच्याकडे जाऊन पायजो जरा. बाहेरून."

"पायली. सकाळीच."

"मंग?"

ड्रायव्हर जागेवर बसत होता. गुणाबाईनं लेकराचं टोपडं सारखं केलं.

"चुलीकडचा कोपरा गेला हाये. वरून भेग नाई, पण खालून माती सुटून राह्यली. आज सामान काढते अन् तुमी आल्यावर पाडू."

मनसारामनं घराकडे पाहिलं. सांदीच्या बाजूनं ते उघडं पडलं होतं. देवाचं फडताळ, खुंटीवरचा त्याचा सदरा, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. बापाच्या हातच्या राहिलेल्या तीन भिंती ओल्या उभ्या होत्या.

"कवेलू आधी उतरवाले लागतीन," तो म्हणाला. "एकटी नको चढू. ठमाबाईच्या पोचूले सांगजो."

"सांगते."

"अन् आत नको जाऊ जास्त वेळ."

ट्रॅक्टर सुरू झाला. धक्का बसला तसा वारलू कण्हला, आणि मनसारामनं मोकळ्या हातानं त्याचा खांदा दाबून धरला.